छतावरून भिंतीवर आलेली दगडी चित्रे

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय ओळखले जाते ते त्याच्या भिंतींमुळे. त्यांच्यावर सुमारे ४,००० चौरस मीटरवर पसरलेले चित्र रंगीत दगडांच्या तुकड्यांचे आहे.

राजधानीच्या जुन्या भागात विखुरलेल्या विद्याशाखा एकत्र आणण्यासाठी शहराच्या दक्षिणेला पेद्रेगाल हा लाव्हाचा माळ निवडला गेला. शित्ले ज्वालामुखीतून वाहून थिजलेल्या या काळ्या खडकावर १९५० मध्ये बांधकामाला हात लागला. ग्रंथालयाचे काम हुआन ओगॉर्मन, गुस्ताव्हो साव्हेद्रा आणि हुआन मार्तिनेस दे व्हेलास्को यांच्याकडे आले. पुस्तके उन्हापासून जपायची म्हणून वरच्या मजल्यांवरची दालने जवळपास बिनखिडकीची ठेवली गेली आणि कोरा, अवाढव्य ठोकळा उभा राहिला. या कोऱ्या भिंतींचे करायचे काय, याचे उत्तर ओगॉर्मनपाशी होते: रंगीत दगडांची चित्रे. गंमत अशी, की १९३०च्या दशकात चित्रकार दिएगो रिव्हेरा आणि फ्रिदा काहलो यांची घरे बांधताना अलंकरणाला फाटा देणारा वास्तुकार तो हाच.

या तंत्राचे मूळ रिव्हेरांच्या आनाहुआकाली या वास्तूत सापडते. तिथे छताच्या सेंट्रिंगवर रंगीत दगड मांडून वरून काँक्रीट ओतले जाई. फळ्या काढल्या की खालून चित्र दिसे. ग्रंथालयासाठी हेच काम जमिनीवर झाले. पूर्ण आकाराच्या रेखाटनानुसार दगड मांडून सिमेंटच्या लाद्या ओतल्या, मग त्या उचलून भिंतीवर बसवल्या. ऊनपावसात रंग विटू नये म्हणून नैसर्गिक दगडच हवा होता. तो देशभर हिंडून जमवला. मनाजोगता निळा मात्र दगडात मिळेना, तेव्हा रंगीत काच वापरावी लागली.

उत्तरेच्या भिंतीवर स्पॅनिशपूर्व जग आहे, दक्षिणेच्या भिंतीवर वसाहतकाळ. तिथली टॉलेमी आणि कोपर्निकस यांच्या विश्वरचनांची दोन वर्तुळे लांबूनही नजरेत भरतात. पूर्वेला आधुनिक काळ आणि पश्चिमेला विद्यापीठ आहे.

ग्रंथालय १९५६ मध्ये खुले झाले. २००७ मध्ये या परिसराच्या मध्यवर्ती भागाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ओगॉर्मनने ग्रंथालयाच्या कामाच्या सुमारास लाव्हाच्या गुहेत बांधलेले स्वतःचे घरही दगडी चित्रांनी मढवले होते. मालकी बदलल्यावर त्याची मोडतोड झाली.