पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा?

मंडळी, गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जरा वादावादी झाली. विषय कसा कोण जाणे 'यूएसएड'वर गेला. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने आपली ही मदतसंस्था गुंडाळली, हे तुम्ही वाचलं असेलच. आमच्या टीममधला एकजण म्हणाला, "बरं झालं! परदेशी सरकारच्या पैशावर चालणारं संशोधन म्हणजे ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी." दुसरा म्हणाला, "पैशाला कुठे रंग असतो? काम झालं ना, मग बास." मी गप्प राहिलो, कारण डबा गार होत होता.

पण मी चंद्रपूरचा. आणि ज्यांच्यावर असे अभ्यास होतात त्या यादीत आमचे चंद्रपूर-गडचिरोली हे दोन जिल्हे कायम असतात. जंगल, आदिवासी, कुपोषण, बालमृत्यू, नक्षलवाद, कुठलाही विषय घ्या. (गडचिरोली १९८२ च्या ऑगस्टपर्यंत चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होतं, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.) त्यामुळे हा विकांत यातच गेला.

आधी थोडा इतिहास. परकीय पैशाचा संशय आपल्याकडे आजचा नाही. १९५१ मध्ये मुंबईत 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या संघटनेची परिषद भरली. तिच्या भारतीय शाखेने १९५५ मध्ये 'क्वेस्ट' नावाचं इंग्रजी नियतकालिक काढलं, पहिले संपादक निस्सीम इझिकेल. मोठमोठी माणसं त्यात लिहायची. पुढे १९६६-६७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनीच उघड केलं की, मूळ संघटनेला सीआयएचा पैसा येत होता. आता गंमत बघा. 'क्वेस्ट' मधले लेखक काही कुणाचे पोपट नव्हते. पण पैसा कुठून येतो हे वाचकाला माहीत नव्हतं आणि खरं दुखणं तेच होतं. त्याच सुमाराला एशिया फाऊंडेशनचंही नाव आलं आणि तिला भारतातून गाशा गुंडाळावा लागला. या संशयाच्या वातावरणातून पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, परकीय निधी नियमन कायदा आला. तोच तो 'एफसीआरए'.

पण छुपा पैसा हा सोपा प्रकार झाला. उघडपणे, करार करून, बोधचिन्ह छापून आलेल्या पैशाचं काय?

याचं आपल्या राज्यातलं सर्वात मोठं उदाहरण देवनारला आहे. लोकसंख्येचा अभ्यास करणारी ही संस्था १९५६ पासून आहे, आज तिचं नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९९२-९३ मध्ये तिने पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. देशभरातल्या सुमारे ९० हजार विवाहित स्त्रियांच्या मुलाखती. पैसा यूएसएडचा आणि तांत्रिक मदतही अमेरिकी संस्थांची. असल्या पाहण्या यूएसएड १९८४ पासून अनेक गरीब देशांत करत होती. त्यांचं मूळ सत्तरच्या दशकातल्या जननदर आणि गर्भनिरोधनाच्या पाहण्यांमध्ये आहे, कारण गरीब देशांची लोकसंख्या ही तेव्हा अमेरिकेला मोठी काळजी वाटायची.

आपल्या भाषेत सांगायचं तर, क्लायंटने रिक्वायरमेंट दिली आणि स्कीमा त्यानुसार बनला. किती मुलं झाली, कधी झाली, साधनं कोणती वापरता, शस्त्रक्रिया झाली का? हे सगळे कॉलम होते. आकडे खोटे होते का? मुळीच नाही. पाहणी चांगली होती, डेटा अभ्यासकांना खुला होता आणि पुढच्या फेऱ्यांनी आपल्या सरकारला न आवडणाऱ्या गोष्टीही सांगितल्या. २००५-०६ च्या फेरीत देशातली शंभरातली चाळीसहून जास्त लहान मुलं कमी वजनाची निघाली, ती याच पाहणीत. पण ज्याने कधी एसक्यूएल लिहिलंय त्याला माहीत असतं, टेबलात जो कॉलमच नाही त्यावर क्वेरी मारता येत नाही. डेटाबेस खोटं बोलत नाही, तो फक्त गप्प बसतो.

आणि नेमकं इथेच गडचिरोली येतं.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकार आणि देणगीदार या दोघांच्याही लेखी बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई म्हणजे गर्भाशय, आणि तेही मोजणीपुरतं. राणीताईंनी वेगळाच प्रश्न विचारला. गरोदर नसलेल्या बाईला काय त्रास आहे? दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. हा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाकडून प्रजनन आरोग्याकडे जे वळण मिळालं, त्याच्या आधीच्या वर्षांत या निबंधाचा दाखला सतत दिला जात होता. आणि राष्ट्रीय पाहणीच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत स्त्रियांच्या अशा तक्रारींबद्दल प्रश्न आले. म्हणजे एक कॉलम वाढायला जवळपास दहा वर्षं लागली!

कॉलमसारखीच रांगांचीही गोष्ट. या पाहणीचे पहिल्या तीन फेऱ्यांतले आकडे राज्यापुरतेच होते. त्यात गडचिरोली मुंबई-पुण्याच्या सरासरीत विरघळून जायचं. पाहणीने जिल्हावार आकडे दिले ते २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत. (जिल्हावार आकड्यांची वेगळी पाहणी १९९८-९९ पासून होती, पण तिचा आवाका लहान.) तोवर सर्च आपल्या गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू स्वतःच नोंदवत होती.

या नोंदींतूनच पुढचं काम झालं. १९९९ मध्ये नवजात बाळांवरचा निबंध आला. ३९ गावांत प्रशिक्षित 'आरोग्यदूत' बायका घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायच्या, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. आता कॅन्टीनमधल्या माझ्या पहिल्या मित्रासाठी हे सांगतो की, या कामालाही अमेरिकी प्रतिष्ठानांची मदत होती. सरकारची नाही, खाजगी, पण पैसा परदेशीच. मग टाळी कुणाची वाजली? 'बाळं का मरतात' हा प्रश्न गावातला होता. पैसा नंतर आला.

बरं, परका पैसा वाईट आणि आपला चांगला, असंही नाही. २००१ मध्ये सर्च आणि इतर संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. राज्यात प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत, असं त्यात दाखवलं होतं. गदारोळ झाला आणि शेवटी सरकारला डॉ. अभय बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कारण साधं होतं. मृत्यू कमी करण्याची जबाबदारी ज्या खात्याची, नोंदीही त्याच खात्याच्या. आपल्याकडे ज्याने कोड लिहिला त्यालाच टेस्टिंग दिलं तर काय होतं ते तुम्ही जाणताच. इथे तर पगार, बढती सगळं त्या आकड्यावर. स्वदेशी पैसाही प्रश्न गिळू शकतो.

आता जंगलाकडे वळू. इथे तर परकीय पैसा आणखी मोठा. १९८२ पासून यूएसएडच्या मदतीने महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण प्रकल्प चालला. सुबाभूळ, निलगिरी वगैरे. माझ्या लहानपणी रस्त्याकडेला त्या खात्याच्या पाट्या असायच्या. मग १९९२ मध्ये जागतिक बँकेचा महाराष्ट्र वनीकरण प्रकल्प आला, १२.४ कोटी डॉलरचं कर्ज. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याने संयुक्त वनव्यवस्थापनाचा ठराव काढला. या सगळ्यांबरोबर अभ्यास, मूल्यमापनं, सल्लागार आलेच. प्रश्न काय होते? झाडं किती जगली, उत्पादन किती वाढलं, राखणीत लोकांचा सहभाग किती? 'सहभाग' हा मोठा प्रेमळ शब्द आहे बरं का! जंगल वनखात्याचं, तुम्ही सहभागी व्हा. जंगल कुणाचं, हा कॉलम नव्हता.

तो कॉलम धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने टाकला. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबतीला चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल. त्यांची पद्धत अशी की, निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. पण त्याआधी अभ्यासगट. अभ्यासगटात कायदे, नकाशे, जुने निस्तार हक्क यावर चर्चा, बाहेरचा कुणी जाणकार आला तर त्याला बसवून विचारायचं, मात्र निर्णय त्याच्या हातात नाही. एका अर्थाने हीसुद्धा धोरण संशोधन संस्थाच की! फक्त बजेट शून्य.

आणि गंमत म्हणजे या गावावरचा एक मोठा अभ्यास २००१ मध्ये पुण्याच्या 'कल्पवृक्ष'ने केला, तो लंडनच्या आयआयईडी या संस्थेबरोबर. आयआयईडीचा बराचसा निधी युरोपातल्या सरकारांकडून येतो. म्हणजे परकीय सरकारी पैसा थेट मेंढ्यात! पण गाव आधीच आपला प्रश्न घेऊन बसलं होतं. बाहेरच्यांनी तो लिहून घेतला, बदलला नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेला मिळाला. जो बांबू वर्षानुवर्षं कागदगिरणीकडे जायचा, तो आता गाव स्वतः विकू लागलं.

मग पैशाने संशोधन विकलं जातं की नाही? जातं. अमेरिकेतसुद्धा जातं. २०१४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं होतं की, वॉशिंग्टनच्या नामवंत विचारसंस्थांना परकीय सरकारं कोट्यवधी डॉलर देतात, त्यात ब्रूकिंग्जला कतारने कबूल केलेले जवळपास दीड कोटी डॉलर होते. नॉर्वेसारखं सज्जन राष्ट्रही त्या यादीत होतं. तेव्हा माझ्यापुरत्या मी तीन टेस्ट केस लिहून ठेवल्यात. एक, प्रश्न आधी होता की पैसा? दोन, उत्तर नावडतं निघालं तर छापता येतं का? तीन, डेटा शेवटी कुणाकडे राहतो?

तिसरी केस आता लाईव्ह आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएसएडचा तो जगभरचा पाहणी कार्यक्रम एका आदेशाने थांबवला गेला, आणि अनेक देशांतली कामं अर्धवट राहिली. भारताचं तितकं अडलं नाही, कारण इथे संस्था आपली आहे आणि सरकारचा वाटा वाढत गेला होता. इकडे २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरएखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. दिल्लीतली मोठी संस्था परदेशी निधीतून गडचिरोलीतल्या चारपाच माणसांच्या गटाला थोडे पैसे द्यायची, ती वाट बंद. २०२४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची तर नोंदणीच रद्द झाली.

म्हणजे परदेशी पैसा आटतोय. काहींना आनंद होईल, होऊ दे. पण मग गावातला जन्म-मृत्यू मोजणाऱ्या बाईचं मानधन कोण देणार? राज्य सरकारने दिलं तर टेस्टिंगचा तोच घोळ. उरलो आपण. आणि आपण काय देतो? आमच्या ऑफिसात दरवर्षी सीएसआरच्या नावाने दप्तरं वाटतात, झाडं लावतात, फोटो काढतात. वाईट नाही. पण "आम्हाला दोन वर्षं नुसतं मोजायचंय, काय निघेल माहीत नाही" असं म्हणणाऱ्याला आपल्यापैकी कुणी पैसे दिलेत? मी नव्हते दिले. या महिन्यापासून थोडे देतोय, आणि पावतीशिवाय काहीही मागायचं नाही असं ठरवलंय. बघू जमतंय का.

असो. लांबलं जरा. उद्या सोमवार, कॅन्टीनमध्ये वाद पुन्हा निघाला तर निदान आधी डबा संपवीन. चूक भूल द्यावी घ्यावी.