निळ्या धुराचा अस्त : घाटवाटांवरील टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक

१/ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने धाडलेला कारतलबखान मोठी फौज, तोफा आणि सामानसुमान घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट झाडी, पुढे मराठे आणि मागेही मराठे. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खंडणी देऊन त्याने सुटका करून घेतली. ही खिंड आजच्या खालापूर तालुक्यात आहे. या मुलखात जड असणे हीच पहिली चूक ठरते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. सुमारे तीनशे वर्षांनी याच डोंगरांत मोटारसायकली आल्या, तेव्हा वजनाचा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

२/ कर्जत आणि खालापूर हे रायगडचे समुद्र न पाहिलेले तालुके. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत, मधून उल्हास आणि पाताळगंगा. खाली भातखाचरे, वर बेसॉल्टचा काळा कातळ, मधल्या उतारांवर सुटा मुरूम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातळावर शेवाळ आणि वाटेवर चिखल. कुसूर घाटाने बैलांचे तांडे जात. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. ही वाट इंग्रजांना एका धनगराने दाखविली, अशी लोककथा आहे, आणि खोपोलीच्या वरच्या वळणावर शिंग्रोबाचे देऊळ त्या कथेची आठवण ठेवून आहे.

३/ आता इंजिनाकडे. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार धावांत एकदा स्फोट होतो, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट. शिवाय टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीला पाडलेली भोके पिस्टन वरखाली होतानाच उघडतो आणि झाकतो. परिणाम सरळ आहे : सुटे भाग कमी, वजन कमी, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून ताकद जास्त. चढावर याहून अधिक काय हवे!

४/ या गुणांची परीक्षा जगात एका स्पर्धेत होत असे. १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झालेली ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’. सलग सहा दिवस जंगल, चिखल, दगड, आणि दुरुस्ती स्वारानेच करायची. १९८१ पासून तिच्या नावात ‘एन्ड्युरो’ हा शब्द आला. येथे चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे मुख्य ट्रॉफी जिंकली, आणि त्या संघाचे बळ होते टू-स्ट्रोक जावा.

५/ हीच जावा भारतात आली ती मुंबईच्या मार्गाने. मुंबईचे पारशी व्यापारी रुस्तम इराणी ती आयात करीत. आयातीवर बंधने आल्यावर त्यांनी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या, १९७३ पासून त्यांचे नाव ‘येझदी’ झाले. किक आणि गिअर यांना एकच दांडा, दोन सायलेन्सर, आणि मागे निळसर धुराची रेघ. जंगलातील सहा दिवसांची कसोटी जिंकणाऱ्या घराण्यातील ही गाडी भारतात मात्र संसाराची गाडी म्हणून राबली. डोंगरवाटा तिने तुडविल्या त्या छंदापायी नव्हे, पलीकडे घर होते म्हणून.

६/ ग्रामीण महाराष्ट्रात तिच्या जोडीला राजदूत होती आणि पुढे बजाजची एम-८० (१९८६). दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधलेली एम-८० कच्च्या रस्त्याने धापा टाकीत जाते, हे दृश्य त्या काळच्या कोणत्याही तालुक्यात ओळखीचे होते. तिला कोणी एन्ड्युरो म्हटले नाही. पण सकाळी सहाच्या आत चिखलातून चाळीस लिटर दूध न सांडता डेअरीवर पोहोचविणे ही कसोटी कोणत्याही ट्रॉफीपेक्षा हलकी म्हणता येणार नाही.

७/ मग १९८५. हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने आरएक्स १०० आणली आणि याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली. एक टू-स्ट्रोक, ९८ सीसी, सुमारे ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोंच्या आसपास. दुसरी फोर-स्ट्रोक, ९७ सीसी, ताकदीने बरीच मवाळ, पण पेट्रोलच्या बाबतीत विलक्षण काटकसरी. पुढील वीस वर्षांचा सगळा झगडा या एका वर्षातील दोन गाड्यांमध्ये सामावलेला आहे.

८/ आरएक्सची कीर्ती चढावर होती. उतारावर मात्र टू-स्ट्रोकचे एक जुने दुखणे उघडे पडे. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर. जुन्या गाड्यांत पंपावरच लिटरमागे मापाने ‘टू-टी’ ऑइल मिसळत. आरएक्समध्ये वेगळा पंप होता, पण तोही थ्रॉटलच्या उघडझापीशी जोडलेला. म्हणजे लांब घाट उतरताना थ्रॉटल मिटून गाडी गिअरमध्ये सोडली, तर इंजिन वेगाने फिरते आहे आणि तेल मात्र नावापुरते, अशी स्थिती. मग पिस्टन सिलिंडरला धरे आणि मागचे चाक जागीच अडके. म्हणून जाणते स्वार बोरघाट उतरताना मधूनमधून थ्रॉटल उघडीत, नाहीतर क्लच दाबून ब्रेकवर उतरत.

९/ याची दुसरी बाजू अशी की, थ्रॉटल मिटल्यावर इंजिनाने गाडीला रोखून धरणे टू-स्ट्रोकला फारसे जमत नाही. फोर-स्ट्रोकला जमते, आणि तेलही तळाच्या साठ्यातून स्वतंत्रपणे खेळत राहते. सुट्या मुरुमाच्या तीव्र उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते. तेथे पहिल्या गिअरमधील फोर-स्ट्रोक आपल्या भाराने सावकाश उतरते. चढावरील सम्राट आणि उतारावरील सम्राट वेगवेगळे होते, हे या वादात बहुधा विसरले जाते.

१०/ टू-स्ट्रोकचा खरा दोष त्याच्या गुणातच दडलेला होता. जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते, आणि ते करताना त्यातील काही भाग न जळताच धुराबरोबर निसटतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा वाटा कधीकधी इंधनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाई. म्हणजे मालकाच्या खिशातील पेट्रोल सायलेन्सरमधून हवेत. वर तेलाची काजळी. सायलेन्सर काढून विस्तवात भाजायचा आणि काजळी झाडायची, हे गॅरेजमधील नेहमीचे काम होते.

११/ भारतात वाहनांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली. ती सैल होती : दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मुभा किलोमीटरमागे १२ ते ३० ग्रॅम. १ एप्रिल १९९६ पासून ती ४.५ ग्रॅमवर आली. २००० मध्ये २ ग्रॅम, २००५ मध्ये १.५ आणि २०१० मध्ये १ ग्रॅम. न जळलेल्या हायड्रोकार्बनची मर्यादाही अशीच घसरत गेली, आणि टू-स्ट्रोकची मान अडकली ती प्रामुख्याने तिच्यात. या चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक, ‘एआरएआय’, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. टेकडीच्या पायथ्याशी पुणे हे स्कूटरचे शहर म्हणून मिरवत होते, आणि त्याच स्कूटरच्या धुराचे मोजमाप वर चालले होते.

१२/ आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखानाही बंद पडला. या योगायोगातून एक समज तयार झाला, की ‘सरकारने टू-स्ट्रोकवर बंदी घातली’. तो समज चुकीचा आहे. देशभर टू-स्ट्रोकवर नावानिशी बंदी घालणारा नियम नव्हता. मर्यादा होती, आणि ती पाळता आली तर इंजिन कोणतेही चालत होते. आरएक्स १३५ पुढे काही वर्षे विकली गेली. टीव्हीएसची टू-स्ट्रोक मोपेड तर त्याहून कितीतरी वर्षे खेडोपाडी धावत राहिली. तिची फोर-स्ट्रोक आवृत्ती, एक्सएल १००, आली २०१५ मध्ये.

१३/ टू-स्ट्रोकचा पाडाव आधी पेट्रोलच्या बिलाने केला, कायदा नंतर आला. महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या माणसाला शून्यातून साठचा वेग किती सेकंदांत गाठला जातो याचे कौतुक नव्हते; एका लिटरमध्ये कामावर किती दिवस जाता येईल, हे त्याला हवे होते. सीडी १०० ने त्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि बाजार तिकडे वळला. येझदीच्या कारखान्याच्या अंतामागे तर कामगारतंटे आणि बदललेली मागणी यांचाही हात होता. एकाच खलनायकाची कथा सांगायला सोपी असते, एवढेच.

१४/ महाराष्ट्रातील कारखान्यांनी हे वळण लवकर ओळखले. बजाजने कावासाकीच्या साहाय्याने १९९१ मध्ये फोर-स्ट्रोक ‘४एस चॅम्पियन’ काढली. १९९८ मध्ये वाळूजहून कॅलिबर आणि आकुर्डीहून लेजंड ही फोर-स्ट्रोक स्कूटर बाहेर पडली. २००१ मध्ये पल्सर आली. चेतकचे इंजिनही शेवटच्या वर्षांत फोर-स्ट्रोक झाले. दूधवाल्यांची एम-८० सुद्धा पुढे फोर-स्ट्रोक झाली. कॅन मात्र तेच राहिले.

१५/ त्याच सुमारास जगाच्या मैदानातही उलथापालथ चालली होती. १९९७ च्या मे महिन्यात लास व्हेगासच्या सुपरक्रॉस स्पर्धेत डग हेन्री याने यामाहाच्या प्रायोगिक ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर विजय मिळविला, तोही टू-स्ट्रोकच्या बालेकिल्ल्यात. पुढच्याच वर्षी वायझेड ४०० एफ आणि जंगलवाटांसाठी डब्ल्यूआर ४०० एफ विक्रीला आल्या. नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची सवलत दिली होती, हे येथे नमूद केले पाहिजे; सामना अगदी बरोबरीचा नव्हता. तरीही दहा वर्षांच्या आत मोटोक्रॉसचा बहुतेक तांडा फोर-स्ट्रोककडे गेला.

१६/ अवघड वाटांवरील स्वारांना या बदलात काय मिळाले? ओल्या, शेवाळलेल्या कातळावर टू-स्ट्रोकची ताकद एकदम उसळते आणि चाक जागीच फिरते. फोर-स्ट्रोकची ताकद खालच्या फेऱ्यांपासून सलग चढत जाते, टायरला जमीन पकडायला उसंत मिळते. आणि गेले काय? हलकेपणा. चढावर मध्येच गाडी आडवी झाली, तर ती उचलून, वळवून पुन्हा चालू करायची असते. तापलेले, कार्ब्युरेटरचे फोर-स्ट्रोक इंजिन किकला दाद देत नाही. बटनस्टार्ट आणि फ्युएल इंजेक्शन आल्यावरच ही रड थांबली. दुरुस्तीचेही तेच. टू-स्ट्रोकचा पिस्टन गावच्या मिस्त्रीने बोअरिंग करून एका दिवसात बदलावा. व्हॉल्व्हचे काम मात्र मापाचे आणि महागडे.

१७/ म्हणून सर्वांत कठीण वाटांवर टू-स्ट्रोक मेलीच नाही. ऑस्ट्रियातील लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून होणाऱ्या एर्झबर्ग रोडिओत ग्रॅहम जार्विस जिंकत राहिला तो ३०० सीसी टू-स्ट्रोकवर. केटीएमने २०१८ च्या मॉडेलांपासून टू-स्ट्रोक एन्ड्युरोला इंजेक्शन दिले. तेलाची टाकी वेगळी, मिश्रणाची कटकट नाही, आणि ३०० सीसी गाडीचे वजन इंधनाविना सुमारे १०३ किलो. म्हणजे जवळपास आरएक्स १०० एवढेच! ज्या दोषापायी भारतात टू-स्ट्रोक मागे पडली, त्यावरचा हा इलाज तिला उशिरा मिळाला.

१८/ या केटीएममध्ये पुण्याच्या बजाजने २००७ पासून पैसा गुंतविला आहे. तरी रस्त्यावर नोंदणी होईल अशी टू-स्ट्रोक एन्ड्युरो भारतात मिळत नाही. जंगलवाटेपर्यंत रस्त्यानेच जावे लागणाऱ्या स्वाराला म्हणून निवड अशी उरतच नाही. २०११ मध्ये हिरोने १४९ सीसीची इम्पल्स आणली, वजन १३४ किलो. ती काळाच्या आधी आली आणि गेली. २०१९ च्या एक्सपल्सने मात्र जम बसविला : २०० सीसी, पुढे २१ इंची चाक, वजन दीडशे किलोंहून थोडे अधिक. २०२५ मध्ये बजाजच्या सहभागातून केटीएमची ३९० एन्ड्युरो आर आली, आणखी जड. सगळ्या फोर-स्ट्रोक. द्रुतगती मार्ग दुचाकींना बंद असल्याने त्या जुन्या रस्त्याने, शिंग्रोबावरून, घाट चढतात; वजनाचा हिशेब लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी दगडी वाट लागल्यावर सुरू होतो.

१९/ शिवाय वाट कोणाची, हाही प्रश्न आहे. माथेरान आणि त्याच्या भोवतालचा पट्टा २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. माथेरानच्या माथ्यावर तर खासगी मोटारगाडीला कधी प्रवेशच नव्हता. तेथे २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक ई-रिक्षा आल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने. वनखात्याच्या हद्दीतील पायवाट ही इंजिन टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, परवानगीशिवाय मोटारसायकलची वाट नव्हे. ठाकर आणि कातकरी पाड्यांची माणसे, गुरे याच वाटांनी चालतात. मुरूम ओला असताना खोल नक्षीच्या टायरने पाडलेली चर पुढच्या पावसात ओघळ होते, आणि मग पाड्यावरच्या माणसाला ती वाट सोडून बाजूने चालावे लागते.

२०/ शेवटच्या आरएक्स १०० ला २०११ मध्ये पंधरा वर्षे झाली. नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरून त्यांतील अनेक आजही धावतात, आणि सुस्थितीतील गाडीला नव्या गाडीइतकी किंमत मागितली जाते. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनासह. नव्या जावाला एकच सिलिंडर आहे, पण सायलेन्सर दोन ठेवले आहेत, जुन्या टू-स्ट्रोकला होते तसे. धूर मात्र दोन्हींतून दिसत नाही.