युनिया : एका नामरूपाचा इतिहास

नव्या करारात ज्यांच्या वाट्याला अवघी एक ओळ आली, अशा व्यक्तींत युनियाची गणना करावी लागेल. पौलाने इ. स. ५७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘रोमकरांस पत्रा’च्या सोळाव्या अध्यायातील सातव्या वचनात अंद्रोनिक व युनिया यांस सलाम सांगितला आहे. हे दोघे आपले आप्त, आपल्यासह बंदिवास सोसलेले, प्रेषितांमध्ये नामांकित आणि आपल्याही पूर्वी ख्रिस्ताचे झालेले, असे पौल म्हणतो. युनियाचा स्वतःचा एक शब्दही कोठे नोंदलेला नाही. तिची निष्ठा कळते ती या साक्षीवरूनच.

परंतु ही व्यक्ती स्त्री की पुरुष, असा वाद पुढे उत्पन्न झाला. मूळ ग्रीक वाक्यात हे नाम द्वितीया विभक्तीत आहे. उपान्त्य स्वरावर आघात मानल्यास ते ‘युनिया’ हे स्त्रीनाम ठरते. अन्त्य स्वरावर मानल्यास ‘युनियास’ हे पुरुषनाम होते. प्राचीनतम हस्तलिखितांत आघातचिन्हे नाहीत. वाक्यातील इतर पदे पुल्लिंगी अनेकवचनी असली, तरी ग्रीकमध्ये स्त्री-पुरुषांच्या जोडीसही ती चालतात. सारांश, केवळ व्याकरणाने निर्णय होत नाही.

निर्णय होतो तो प्रयोगाच्या पुराव्याने. एकट्या रोममधील कोरीव लेखांत ‘युनिया’ हे नाव अडीचशेहून अधिक वेळा आढळते; ‘युनियास’ एकदाही नाही. ग्रीक ही ज्याची मातृभाषा, त्या योहान ख्रिसोस्तोमाने चौथ्या शतकात तिला स्त्री मानून प्रेषितपदास योग्य म्हणून गौरविले आहे.

असे असता मार्टिन लूथरच्या १५२२ च्या जर्मन भाषांतरात ती पुरुष झाली. नेस्ले यांच्या ग्रीक संहितेत १९२७ साली पुल्लिंगी आघात छापला गेला आणि १९९८ च्या मुद्रणात तो बदलून पुन्हा स्त्रीलिंगी करण्यात आला. ‘प्रेषितांमध्ये नामांकित’ याचा अर्थ ‘प्रेषितांस सुपरिचित’ असा करावा, असे काही अभ्यासक म्हणतात. त्या मताने पदाविषयी शंका उरेल, लिंगाविषयी नव्हे.

स्त्री प्रेषित असणे शक्य नाही, हे गृहीत आधी होते. आघात मागून आला. कारावास सोसूनही जिचे नाव टिकले, तिला एका चिन्हाने शतकानुशतके झाकून टाकले. संहितेचे संपादन ही म्हणूनच निव्वळ तांत्रिक बाब मानता येत नाही.