उशाशी असते ती सिस्टर

घरचं माणूस आयसीयूत असलं की आपण काचेबाहेर बसतो. आत त्याच्या उशाशी रात्रभर असते ती सिस्टर. पडद्यावरची ती धावती रेघ वाचायला तिला कुणी आणि का शिकवलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

गोष्ट अमेरिकेतली, १९६० च्या आसपासची. हृदयविकाराचा झटका आलेली माणसं दवाखान्यात पोचायची, खाटेवर निजायची, आणि तिथेच दगावायची. झटक्यानंतर कधी कधी हृदय धड ठोके न देता नुसतं थरथरतं. रक्त पुढे जात नाही. काही मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. विजेचा धक्का देऊन ठोके पुन्हा ताळ्यावर आणणारं यंत्र तेव्हा आलं होतं. पण ते डॉक्टरांनीच हाताळायचं, असा रिवाज. सिस्टरनं बोलावणं धाडायचं आणि वाट बघायची. डॉक्टर येईपर्यंत वेळ हातची निघून जायची.

फिलाडेल्फिया शहरातल्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हा रिवाज मोडला. खाटेजवळ कायम असते ती नर्स, तर जीव वाचवायची विद्याही तिच्याच हाती हवी, असं त्यांनी धरलं. मग धडे ठरले ते कामावरून. रेघ कशी वाचायची, धोक्याचा ठोका कसा ओळखायचा, यंत्र केव्हा आणि कसं लावायचं. १९६५ साली या धड्यांचं, खास नर्सेससाठी लिहिलेलं पुस्तक निघालं. १९६९ मध्ये तिथल्या अशा नर्सेसनी स्वतःची संघटना उभारली.

‘बाईला हे जमेल का?’ हा प्रश्न आपल्याकडेही कुणी विचारला नाही असं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले.

आपल्या गटातली एखादी लेक नर्सिंगला जात असेल, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. आणि कुणी म्हणालं, ‘नर्सच तर आहे,’ तर त्यालाही सांगा.