सातशे रुपयांचे भांडवल

1892. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे प्रफुल्लचंद्र राय यांनी 91, अपर सर्क्युलर रोड या आपल्या भाड्याच्या घरातच औषधांचा कारखाना काढला. भांडवल अवघे सातशे रुपये. पगार महिना अडीचशे, त्यातच वडिलांच्या कर्जाचा बोजा.

फॉस्फेट काढण्यासाठी त्यांनी खाटकांकडून पोतीच्या पोती हाडे आणून गच्चीवर वाळत घातली. अवकाळी पाऊस पडला, हाडांना किडे लागले, कावळ्यांनी तुकडे शेजाऱ्यांच्या घरांत टाकले आणि तक्रारींचा भडिमार सुरू झाला.

माल तयार होता, पण औषधविक्रेत्यांचा देशी मालावर भरवसा नव्हता. तेव्हा राय यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस पुढे सरसावले. त्यांनी पैसा घातला आणि ओळखीच्या डॉक्टरांना ही औषधे लिहून द्यायला लावली. ओवाअर्क, अडुळशाचे सरबत खपू लागले. 1898 मध्ये प्लेगने बोस गेले. सारा भार राय यांच्यावर आला.

तरीही व्यवसाय तगला. 1901 मध्ये या कारखान्याची ‘बेंगॉल केमिकल’ ही मर्यादित कंपनी झाली, भागभांडवल उभे राहिले. 1905 मध्ये माणिकतळ्याला मोठा कारखाना सुरू झाला. 1938 मध्ये मुंबईतही कंपनीचा कारखाना आला.