डॅशबोर्डवरचा दिवा नेमकं काय सांगतो?

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग इंधन पेटवतो. डिझेलमध्ये हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत, आउग्सबुर्गला चाचणी झाली. इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी येत होती, आणि त्या काळी ही मोठीच मजल होती. पेटवायला वीज नको म्हटल्यावर वायरिंगची कटकटही नसावी, असं कुणालाही वाटेल. मग थंडीत चालू न होणाऱ्या डिझेल ट्रकची मेकॅनिक सगळ्यात आधी बॅटरी आणि वायरी का तपासतो?

गार इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन जड फिरतं. ते जितकं हळू फिरेल तितकी हवा रिंगांच्या फटींतून निसटते आणि तापमान आणखी घसरतं. नेमकी त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते. उणे १८ अंशांना तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सर्व्हरवर गर्दी उसळावी आणि तेव्हाच निम्म्या मशीन बंद पडाव्यात, तसं हे.

बेन्झ कंपनीने १९२३ साली डिझेलवर चालणारा ट्रक आणला. त्याच्या इंजिनात सिलिंडरला जोडून एक छोटी कोठडी होती आणि ज्वलन आधी तिथे सुरू व्हायचं. ही रचना पुढे अनेक वर्षं टिकली. पण कोठडी म्हणजे आणखी भिंती, आणि भिंती म्हणजे उष्णतेची आणखी गळती. अशा इंजिनांवरचा उपाय होता विजेवर तापणारी तार. आपले गॅरेजवाले तिला हीटर प्लग म्हणतात. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्याने जे ओएम ६१६ इंजिन बनवलं, त्यातही हीटर प्लग होते.

जुन्या जर्मन डिझेल गाड्यांमध्ये हे प्लग एकामागोमाग एक, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेले असत. जुन्या दिव्यांच्या माळेसारखं: एक गेला की सगळे गेले. पण याच जोडणीने एक सुंदर सोय दिली होती. डॅशबोर्डवर भोकाभोकांच्या झाकणामागे एक छोटी तार असे, तीही त्याच माळेत. प्लगमधून जाणारा करंट तिच्यातून जाई, म्हणून प्लग तापले की तीही लाल होई. लाल झालीच नाही तर माळ कुठेतरी तुटली आहे. फार लवकर, फार लख्ख पेटली तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग वायरचा तुकडा घेऊन एकेका प्लगला क्षणभर बगल द्यायची. ज्या प्लगला बगल दिल्यावर डॅशबोर्डवरची तार उजळली, तोच मेलेला. शाळेत न गेलेल्या ड्रायव्हरलाही जमेल असं हे निदान.

१९८० च्या सुमारास प्लग समांतर, म्हणजे पॅरलल जोडायची पद्धत रुळली. आता एक प्लग मेला तरी बाकीचे इंजिन ओढून नेतात. पांढरा धूर येतो, गाडी थोडी थरथरते, एवढंच. सोय झाली, पण दोष लपायलाही शिकला.

अमेरिकेत १९९४ साली फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये नॅव्हिस्टारचं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन आलं. आठ सिलिंडर, आठ प्लग, त्यांना करंट देणारा एक दणकट रिले आणि त्या रिलेला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर. डॅशबोर्डवर 'थांबा, मग चालू करा' असं सांगणारा दिवा. तिथल्या थंड पहाटे हा ट्रक अडला की कित्येकदा त्या रिलेचे जळलेले काँटॅक्ट सापडत. दिवा मात्र रोजच्यासारखा लागायचा आणि वेळेवर विझायचा. कारण तो प्लगच्या करंटवर लागतच नव्हता. कॉम्प्युटर ऑइलचं तापमान बघून सेकंद मोजायचा आणि दिवा विझवायचा.

मला या इतिहासात सर्वांत जास्त हेच खुपतं. जुनी तार पुरावा होती, नवा दिवा नुसता अंदाज. माझ्या कामात लॉगमध्ये 'मेसेज पाठवला' अशी ओळ असते. तो पोचला का, हे ती ओळ सांगत नाही, तरी आपण ती वाचून निर्धास्त होतो.

म्हणून असा ट्रक तपासताना दिव्याला बाजूला ठेवून करंटच्या वाटेने चालावं लागतं. रिलेच्या येणाऱ्या टोकावर १२ व्होल्ट आणि हुकूम असतानाही जाणाऱ्या टोकावर बरेच कमी, तर रिले खराब. रिले ठीक असेल तर एकेक प्लग सोडवून मोजायचा: चांगल्या प्लगचा रोध एक-दोन ओहमच्या आत, मेलेल्याचा अनंत.

सेल्फ रेंगाळत असेल तर आणखी एक युक्ती लागते. गंजलेल्या जोडाचा रोध असतो ०.००५ ओहम. साधा मीटर त्याला शून्यच म्हणेल. पण सेल्फ ४०० अँपिअर ओढतो तेव्हा तेवढ्याच जोडावर २ व्होल्ट गळतात आणि ८०० वॅट उष्णता नुसती वाया जाते. म्हणून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंगमध्ये दोष आहे. हे माप सेल्फ फिरत असतानाच घ्यावं लागतं. इंजिन शांत असताना जोड निर्दोषच दिसतो.

आजच्या बऱ्याच ट्रकमध्ये कंट्रोल युनिट प्रत्येक प्लगचा करंट खरोखर मोजतं आणि मेलेल्या प्लगचा नंबर कोडमध्ये सांगतं. म्हणजे जुन्या तारेचा पुरावा परत आला. फक्त आता तो ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर नसतो, स्कॅनर असलेल्याच्या हातात असतो. घाटात पहाटे चार वाजता अडलेल्या माणसाकडे तो नसतो. त्याच्याकडे टेस्ट लॅम्प आणि वायरचा तुकडा असू शकतो, आणि करंटची वाट माहीत असेल तर बरेच दोष तेवढ्यावरही सापडतात.