वाटी-चमच्याची कुळकथा

लग्नाच्या आहेरात स्वयंपाकाचं पुस्तक द्यायची रीत फार जुनी नाही. आपल्या आज्यांच्या रुखवतात शेवया होत्या, कुरड्या होत्या, पोळपाट-लाटणं होतं; पुस्तक नव्हतं. त्याची गरजच नव्हती. नवी सून चुलीपाशी बसायची तेव्हा शेजारी सासू, जाऊ, आतेसासू असायच्या. मीठ किती, पाणी किती, हे कुणी सांगत नसे. ते बघायचं आणि हाताला शिकवायचं. आजही कोल्हापुरातल्या एखाद्या म्हातारीला रश्श्यात चटणी किती घातली असं विचारलं, तर ती म्हणते, "अंदाजानं."

या अंदाजाला ज्या दिवशी माप मिळालं, त्या दिवशी पुस्तक आहेरात द्यायच्या लायकीचं झालं. म्हणून या रिवाजाची कुळकथा ही खरं तर मापाची कथा आहे.

आपल्या मुलखात पाकशास्त्रावरचं लेखन पुष्कळ जुनं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मांड्यांपासून मांसाच्या प्रकारांपर्यंत अनेक पदार्थ येतात. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्रा’त नोंदल्या गेल्या. हे ग्रंथ राजांचे, पंडितांचे आणि आचाऱ्यांचे होते. नव्याने संसार मांडणाऱ्या दोघांसाठी त्यातला एकही नव्हता.

छापील मराठी पुस्तकांची वाट १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’ने उघडली. यातल्या ‘सूप’ शब्दाचा आजच्या हॉटेलातल्या सूपशी संबंध नाही. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. १९१० साली मुंबईच्या लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, त्यात हजार पाकक्रिया होत्या. घरच्या बाईने घरच्या बाईसाठी लिहिण्याची ती मोठी पायरी होती.

अडचण राहिली ती मापाची. त्या काळी बाजार चालायचा शेर, पावशेर, तोळ्यावर; धान्य मोजलं जायचं चिपट्या-मापट्याने, चार शेरांच्या पायलीने. एकाच नावाचं माप गावोगाव वेगळं भरायचं. त्यात शिगेचं माप निराळं, सपाट माप निराळं. १९५८पासून दशमान वजनं येऊ लागली आणि शेर जाऊन किलो आला. पण तराजू कुणाच्या स्वयंपाकघरात होता? पुस्तकात पाव किलो लिहिलं, तरी डब्यातली डाळ काढणाऱ्या हाताला ते उपयोगाचं नव्हतं.

याच सुमारास घरंही बदलली. मुलगा नोकरीसाठी मुंबईला, पुण्याला गेला आणि पाठोपाठ सून गेली. दोन खोल्यांत दोघंच. चुलीच्या जागी स्टोव्ह, मग गॅस आणि कुकर. सासू राहिली दोनशे-चारशे किलोमीटरवर, आणि फोन आळीत एखाद्याकडे. बघून शिकायची सोय संपली आणि वाचून शिकायची वेळ आली.

तेव्हा उत्तर आलं ते आपल्या कोल्हापूरच्या शेजारून. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. जवळच्याच कुंडल गावात १९१३ साली कमलाबाई ओगले जन्मल्या. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला ओगल्यांच्या घरी आल्या आणि सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. १९७० साली किर्लोस्करांच्याच प्रकाशनाने त्यांचं ‘रुचिरा’ छापलं. पुढे ते मेहता पब्लिशिंग हाउसकडे आलं. अनिल मेहतांची ही संस्था आज पुण्याची म्हणून ओळखली जाते, पण तिचा आरंभ कोल्हापुरातला. असं हे पुस्तक कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याशी दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे.

‘रुचिरा’ची खरी करामत पदार्थांच्या संख्येत नाही, वाटी-चमच्यात आहे. घरात जी वाटी आहे, तीच माप. अमेरिकेत फॅनी फार्मर या शिक्षिकेने १८९६च्या आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला. तिथे मापाचे ठरावीक कप दुकानात मिळत. आपल्याकडे ते नव्हते, आणि त्यांच्यावाचून अडलंही नाही. कारण वाटीचं माप प्रमाणावर उभं असतं. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी म्हटलं, की वाटी लहान असो वा मोठी, भात बिघडत नाही. फक्त दोन्हींना वाटी एकच हवी. चौथी शिकलेल्या बाईने लिहिलेलं हे गणित लाखावर घरांत पोचलं. ‘लाखावर सुनांची सासू’ असं कौतुकाचं बिरुद कमलाबाईंना मिळालं, आणि ते साजेसंच होतं. सासू जिथे जाऊ शकत नव्हती तिथे पुस्तक गेलं. मुलीच्या पाठवणीत, परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत ‘रुचिरा’ ठेवायची रीत पडली ती अशी.

आज दुकानात रंगीत फोटोंची पुस्तकं ढिगाने आहेत. नव्या जोडप्यासाठी पुस्तक निवडताना या कुळकथेतूनच कसोट्या मिळतात. पहिली पाहायची ती मापं: वाटी केवढी, चमचा केवढा, सपाट की शिगेचा, हे सुरुवातीला सांगितलंय का? वाटी प्रमाणाने सांभाळून घेते, पण मिठाचा चमचा सांभाळून घेत नाही. दुसरी, माणसांचा हिशेब: कृती दोघांसाठी आहे की आठ जणांच्या घरासाठी? तिसरी, ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’ असं वाक्य पुस्तकात जागोजाग असेल तर ते नवशिक्यासाठी नाही. ज्याने कधी फोडणीच केली नाही, त्याला नेहमी म्हणजे काय? आणि चौथी, ते वाचून जावईही भात-आमटी करू शकेल का? आज दोघंही नोकरीला जातात, तेव्हा पुस्तकावर नाव दोघांचं घालावं.

तरी एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. बाकी महाराष्ट्रात चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायचा पदार्थ. कोल्हापुरात चटणी म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेला, वर्षभर पुरणारा कांदा-लसणाचा तिखट मसाला. त्यात रंगासाठी ब्याडगी किती, तिखटपणासाठी संकेश्वरी किती, खोबरं, धणे, तीळ किती, हे घरागणिक बदलतं. तांबडा रस्सा त्याच चटणीवर उभा राहतो. पुण्याची सून ‘दोन चमचे चटणी’ ऐकून गोंधळते ती यामुळेच.

म्हणून पुस्तक आहेरात देण्याआधी एक काम करा. आईला, मावशीला, आत्याला चटणी करताना थांबवा. त्यांच्या मुठीतलं पातेल्यात पडण्याआधी वाटीत घ्या, मोजा, आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर स्वच्छ अक्षरात लिहून काढा. कमलाबाईंनीही सासूच्या हाताखाली शिकलेलं असंच वाटी-चमच्यात उतरवलं होतं. आपल्या घरच्या अंदाजाचं माप आपणच लिहायचं आहे, आणि ते हात घरात आहेत तोवरच लिहायचं आहे.